काटा शून्यावर

तळेऱ्याच्या तिठ्याअलीकडे, जुना रस्ता जिथे
चौपदरीला अंग चोरून येऊन मिळतो,
मनोहरच्या टपरीसमोर पाच गाड्या तिरक्या उभ्या,
निवताना टिकटिकणारी इंजिनं.
भातकापणीचे दिवस. एका लेनवर कुणीतरी
ताडपत्री घालून भात वाळत टाकलेलं, कडेने दगड,
आणि वादाला तिथूनच तोंड फुटलं.

साईल घाडी म्हणाला, "ह्या काय खळा हा?
कुडाळातून निघालंय, बत्तीस मिनटात हय."
मिनिटं सांगताना त्याने एकेकाचा चेहरा तपासला.
"रस्तो केल्यानी कित्याक? चलवूक मां?"

गुणाजी लाड, एसटीत एकतीस वर्षं, आता निवृत्त,
बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"चलवूक नाय रे बाबा. पोचूक."
"मग? पोचलंय मां मी?"
गुणाजींनी चहा पुन्हा फुंकला,
तो केव्हाच निवला होता.

सर्फराज मुकादम गाडीवरून उतरलाच नव्हता.
मागे बांगड्याचे दोन खोके, खाली थेंब थेंब पाणी.
"माझा स्पीड मी ठरवत नाय, बर्फ ठरवतो.
विजयदुर्गाहून वैभववाडीला पोचेस्तोवर
डोळा गढूळ झाला तर संपलं.
गिऱ्हाईक बांगड्याचा डोळा बघतो,
माझं हेल्मेट नाय बघत."

मग डिप्परवर आले. मग इंडिकेटरवर.
ट्रकवाला डावा दिवा मिचकावतो तेव्हा
"जा पुढे" म्हणतो की "मी वळतोय" म्हणतो?
यावर दोन चहा झाले.
गुणाजी म्हणाले, करुळ घाटात आम्ही
खिडकीतून हात काढायचो, अख्खा, कोपरापासून,
त्या हाताला दोन अर्थ नव्हते.
आणि समोरच्यावर अप्पर मारणं म्हणजे
पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं.

"चौपदरीत समोरसून येतासच कोण?" साईल.
"येतात," रेजिना सिस्टर म्हणाली. इतका वेळ
ती स्कूटरच्या डिकीत काहीतरी शोधत होती.
"पंपापर्यंतच जायचं असतं त्यांना. राँग साइडनं.
मी ओळखते. नावं लिहून घेते ना."
मग तिने साईलच्या आरशावर लटकलेलं
अर्धं हेल्मेट बोटाने उलटंपालटं केलं
आणि स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवला.
"ही शिवताना," एवढंच म्हणाली,
आणि बिस्किटाचा पुडा फोडला.

मला विचारलं, तुमचं काय मत?
मी मीटर रीडर. दिवसाला दोनशे आकडे टिपतो,
लोक माझ्या आकड्याशी भांडतात, पण मानतात.
"साठ," म्हटलं, "साठ बरे."
कुणी वाकून माझ्या गाडीकडे पाहिलं नाही.
तिचा काटा तीन वर्षं शून्यावर.
मी कानाने चालवतो. इंजिन ज्या सुरात
गुणगुणतं, त्याला साठ म्हणतो.
गेल्या शिमग्यात हुंबरटच्या उतारावर
असाच साठच्या सुरात होतो,
पुढे टेम्पो, मागचा दिवा नसलेला.
पेंढा होता आत, म्हणून.
कानातून काड्या आठवडाभर निघत होत्या.
हवालदाराने विचारलं, किती होतास?
हे मी टपरीवर सांगितलं नाही.

उठलो. दुभाजकाच्या फटीशी पाचही जण आलो
आणि अडलो. इतकं बोलून झाल्यावर
आधी जाणार कोण?
"तुम्ही जावा." "नाय, तू जा." "सिस्टर, तुम्ही."
मागे डंपर हॉर्न देतोय, आम्ही माना हलवतोय.
तेवढ्यात एक पोरगं सायकलवर, उलट्या बाजूने,
हँडलला दुधाची किटली, आमच्यामधून
घंटी वाजवत निघून गेलं. वळूनही बघितलं नाही.
"बघल्यात?" साईल म्हणाला. "बघल्यात मां?"
काय बघायचं होतं ते प्रत्येकाने
आपापल्या बाजूने घेतलं.

शेवटी बर्फाने ठरवलं. सर्फराज गेला,
पाण्याची बारीक रेघ सोडत.
मग बाकीचे.
भाताला वळसा घालून मी गियर टाकला.
उजेड जात होता. काटा शून्यावर.
सूर ओळखीचा.
साठ, म्हटलं स्वतःला,
साठच असतील.